पुण्याच्या गच्चीवरचं जुनिपर बोन्साय, वर्षभर कसं सांभाळायचं

आधी एक सांगतो, जुनिपर (बारीक पानांचं सूचिपर्णी झाड, उथळ ट्रेमध्ये बोन्साय म्हणून वाढवतात) घरात ठेवायचं झाड नाहीच. माझं पहिलं मी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेलं, नर्सरीवाला म्हणाला चालतं. दीड महिना मस्त हिरवंगार होतं, मग एका आठवड्यात सगळं फिक्कट पडलं आणि पानं हात लावला की कुरकुरीत. म्हणजे मेलं होतं आधीच, हिरवं नुसतं दिसत होतं. हे झाड बातमी फार उशिरा देतं, त्यामुळे रंग बघून काळजी घ्यायला गेलात तर संपलं, बोट मातीत घालून बघायचं.

एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो पण खरा त्रास हवेचा नाही, गच्चीच्या स्लॅबचा आहे. उथळ ट्रे तापला की मुळं शिजतात. म्हणून ट्रे स्टँडवर, आणि 12 ते 4 हिरवी नेट, सकाळचं ऊन मात्र पूर्ण पाहिजे. पाणी सकाळी खालून निथळेपर्यंत, संध्याकाळी बोट घालून बघा आणि लागलं तरच द्या. याच दिवसात लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, बारीक ठिपके चालायला लागले की समजा आलाय. मी आधी पाण्याचा जोरात फवारा पानांच्या खालून मारतो, त्याने बरेच जातात, उरले तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, तेही ऊन उतरल्यावर.

पावसाळ्यात झाडं जातात ती जास्त पाण्याने. ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून तो तिरका करा म्हणजे पाणी साचत नाही, खाली बशी अजिबात नको. माती भुसभुशीत बागेची असेल तर काहीही केलं तरी चिखलच होणार, मी चाळलेले विटेचे बारीक तुकडे जास्त, मुरूम थोडा आणि शेणखत अगदी मूठभर असं घेतो. फांदीला आकार द्यायला तार गुंडाळलेली असेल तर दर आठवड्याला बघा, पावसात फांदी फुगते आणि तार रुतते, मग ती उलगडत बसायचं नाही, कटरने तुकडे करून काढायची.

ऑक्टोबरपासून झाड खुशीत असतं, खत (निंबोळी पेंड) तेव्हाच द्या, कडक उन्हाळ्यात आणि धो धो पावसात नाही. नवी तार गुंडाळायची ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. थंडीत पानं जरा तांबूस झाली तर घाबरू नका. आतली जुनी पानं पिवळी पडतात तेही नॉर्मल आहे, टोकं सुकायला लागली तर मात्र मुळं बघा.

छाटणीबाबत लोक शेंडे नखाने खुडत बसतात, सगळे शेंडे खुडले की झाड दमतं. लांब गेलेली फूट कात्रीने आतल्या फाट्यापाशी कापा, पण मागे थोडी हिरवळ राहू द्या, कारण उघड्या लाकडातून जुनिपर सहसा परत फुटत नाही. हा हिशोब मी एकदा चुकलो, ती फांदी आता जिन (साल सोलून मुद्दाम ठेवलेली वाळकी फांदी) करून मिरवतोय 😅

रिपॉटिंग (मुळं छाटून माती बदलणं) दोन-तीन वर्षांनी, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. मुळं तिसरा हिस्साच कापा, सगळी जुनी माती धुवून काढू नका, आणि झाड तारेने ट्रेला घट्ट बांधा, हललं की नवी मुळं तुटतात. नंतर दोन-तीन आठवडे हलक्या सावलीत, आणि तेवढे दिवस ते कितीही हिरवं दिसलं तरी उन्हात ढकलायची घाई नको.