पोनी सिलिंडर किती लिटरचा घ्यावा?

तीस मीटर खोलीच्या आसपास स्कूबा डाइव्ह सुरू झाल्या की हा प्रश्न येतोच: खाली रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र) बिघडला किंवा हवा संपली, आणि नेमका तेव्हा बडी, म्हणजे सोबतचा डायव्हर, जवळ नसला, तर? पहिलं उत्तर बडीचा ऑक्टोपस, म्हणजे त्याच्याकडचा राखीव रेग्युलेटर, हेच आहे. पण गढूळ पाण्यात, प्रवाहात किंवा कॅमेऱ्यात गुंतलेल्या बडीसोबत अंतर कधी वाढतं ते लक्षातही येत नाही. म्हणून स्वतःचा वेगळा छोटा सिलिंडर, त्याच्या वेगळ्या फर्स्ट आणि सेकंड स्टेजसकट (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा आणि तोंडात धरायचा भाग). डायव्हर त्याला पोनी म्हणतात.

मी कित्येक वर्षं पोनी घेऊनच उतरतो. नव्या डायव्हरना ती निवडायला मदत करताना पहिला प्रश्न जवळपास नेहमी एकच ऐकतो: ‘सगळ्यात हलकी कोणती?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी विचारायचं ते हे की, माझ्या सर्वांत खोल डाइव्हवरून, घाबरलेल्या श्वासांनी, वर यायला मला किती हवा लागेल?

हा हिशोब कागदावर करून बघा. ३० मीटरवर दाब ४ बार असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा जाते. एरवी ज्याला मिनिटाला १५ ते २० लिटर पुरतात, तो घाबरल्यावर ३०-४० लिटरवर सहज पोचतो. आपण ३० धरू. खाली काय बिघडलंय ते कळून रेग्युलेटर बदलून सावरायला एक मिनिट: १२० लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला साधारण तीन मिनिटं, त्या टप्प्याचा सरासरी दाब २.७५ बार: जवळपास २५० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा: १३५ लिटर. शेवटचे ५ मीटर सावकाश: आणखी ४० लिटर. बेरीज झाली ५४५.

आता २०० बारला भरलेल्या बाटल्या या आकड्यासमोर ठेवा. २ लिटरच्या पोनीत (२ × २००) ४०० लिटर हवा मावते. सेफ्टी स्टॉप सोडून दिला तरी ती काठावर येते, आणि अडचणीत काठावरचा हिशोब कोणी करू नये. ३ लिटरची म्हणजे ६०० लिटर; ती ३० मीटरला पुरते, पण फार काही शिल्लक उरत नाही. घनफुटांत मोजणाऱ्यांच्या भाषेत १९ घनफूट म्हणजे साधारण ५४० लिटर आणि ३० घनफूट म्हणजे ८५०. ज्याचा श्वास मुळातच जड आहे किंवा जो थंड पाण्यात उतरतो, त्याला मी सरळ ३० घनफूट घ्यायला सांगतो. उलट १८ मीटरच्या पुढे जायचंच नसेल, तर हाच हिशोब साडेतीनशेच्या आसपास येतो आणि २ लिटर चालून जाते.

माउथपीस थेट बाटलीवर बसवलेला, मुठीत मावणारा प्रकारही मिळतो. त्यातल्या ८५ लिटरच्या बाटलीची हवा ३० मीटरवर याच श्वासाने पाऊण मिनिटही टिकत नाही. उथळ पाण्यापुरती ठीक आहे. खोल डाइव्हसाठी तिच्यावर विसंबणं मला मान्य नाही.

आकार ठरला की ती लावायची कुठे? मुख्य सिलिंडरला ब्रॅकेटने पाठीवर बांधलेली पोनी आटोपशीर दिसते, पण तिचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही आणि दाब दाखवणारा गेज डोळ्यांना दिसत नाही. मी ती डाव्या बाजूला, पट्ट्यांवरच्या छातीच्या आणि कमरेच्या डी-रिंगना (D आकाराच्या कड्यांना) बोल्ट स्नॅपने, म्हणजे धातूच्या हुकने, अडकवतो. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर राहतो, गेज मान वाकवून वाचता येतो, आणि गरज पडली तर अख्खी बाटली काढून दुसऱ्याच्या हातात देता येते. बोटीत चढतानाही तिची अडचण होत नाही.

सेकंड स्टेज मुख्य रेग्युलेटरपेक्षा उघड वेगळी हवी: पिवळी नळी, वेगळ्या आकाराचं माउथपीस, काहीही. डाइव्हच्या सुरुवातीलाच चुकून पोनीचा रेग्युलेटर तोंडात घेऊन उतरणं हा या व्यवस्थेतला खरा धोका आहे. हवा संपते, आपण ‘मुख्य सिलिंडर संपला’ समजतो आणि पर्यायी म्हणून जे शोधतो तेच रिकामं झालेलं असतं. म्हणून मी पोनीची सेकंड स्टेज हनुवटीखाली रबरी दोरीत अडकवतो, आणि उतरण्याआधी बडीला बोट लावून दाखवतो की तोंडात आहे ती ही, गळ्यात आहे ती पोनीची.

व्हॉल्व्ह उघडा ठेवावा की बंद, यावर डायव्हरांमध्ये एकमत नाही. नवख्यांनी उघडा ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाटली कुशीत असल्यामुळे गळती झाली तर बुडबुडे लगेच कळतात. उघडा आहे ना, हे गेजच सांगतो. पोनीतून दोन-तीन दमदार श्वास घ्या आणि काट्याकडे बघा. काटा स्थिर राहिला तर ठीक. श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. बंद व्हॉल्व्हवरही नळीतल्या दाबामुळे गेज भरलेला दिसतो आणि पहिला श्वास मिळून जातो, म्हणून नुसता आकडा वाचून उतरू नका.

पोनीत साधी हवा भरा. ३२ टक्के नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची) मर्यादा ऑक्सिजनचा दाब १.४ बार धरून ३४ मीटरच्या आत संपते; हवा मनोरंजनाच्या कुठल्याही खोलीवर चालते. लहान बाटली झपाट्याने भरली की गरम होते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो, तेव्हा सावकाश भरून घ्या आणि गार झाल्यावर पुन्हा मोजा. ही हवा डाइव्ह लांबवण्यासाठी नाही. मुख्य सिलिंडरचा हिशोब पोनी नाहीच असं समजून करायचा.

जुनी बाटली घेताना खांद्यावरचे ठसे वाचा: शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली केलेल्या चाचणीची) तारीख आणि मिश्रधातू. ६३५१ या जुन्या अॅल्युमिनियममध्ये मानेजवळ तडे जाण्याचे प्रकार घडले आहेत, ६०६१ घ्या. आणि तिच्यावर घरातला सर्वांत जुना रेग्युलेटर लावू नका, मुख्य रेग्युलेटर सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा तोही जाऊ द्या.

मग उथळ पाण्यात सराव: डोळे मिटून हाताने गळ्यातला रेग्युलेटर शोधणं, बदलणं, पर्ज करणं (बटण दाबून त्यातलं पाणी काढणं), आणि पोनीवरच सेफ्टी स्टॉपसकट पूर्ण वर येणं. वर आल्यावर गेज बघा आणि वापरलेली हवा लिहून ठेवा. तो आकडा कागदावरच्या हिशोबापेक्षा मोठा निघाला, तर एक माप मोठी बाटली घ्या.