खोली त्याची, आठवडा त्याचा: क्रूझच्या नोकरीला निघालेल्या मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी

मी क्रूझ जहाजावर नोकरी करतो. मागच्या सुट्टीत औशाला घरी होतो, तेव्हा पंधरा दिवसांत सात पोरं भेटून गेली. कुणी लातूरचं, कुणी अहमदपूरचं, एक जण तर उमरग्याहून मोटारसायकलवर आला होता. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "दादा, बोटीवर लागायचंय, किती भरावे लागतात?" तिथं काम काय असतं, हे एकानंही विचारलं नाही. म्हणून आधी पैशांचं उरकतो आणि मग कामाकडं येतो.

नोकरी लावून देण्यासाठी एक रुपयाही द्यायचा नसतो. एमएलसी 2006 हा सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 2015 साली स्वीकारला. त्यानुसार भरतीसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि सीडीसी नावाची खलाशी पुस्तिका, भरतीतला एवढाच खर्च करारात आपल्यावर आहे. व्हिसाचा खर्चसुद्धा करारात मालकावर टाकलेला आहे. भरती करणाऱ्या एजन्सीकडं डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो आणि तो खरा की खोटा, हे डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर घरबसल्या पाहता येतं.

मी 2017 साली ते पाहिलं नाही. एका एजंटाला साठ हजार दिले. वडिलांनी त्या वर्षीची तूर भाव पडलेला असताना विकली, ती याच पैशांसाठी. हातात आलेल्या पत्रावर कंपनीचं चिन्ह होतं, पण पत्र आलेला मेल साध्या फुकटच्या खात्यावरून होता आणि सहीखाली परवाना क्रमांक नव्हता. दोन महिन्यांनी त्या ऑफिसला कुलूप. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते मला अजून लागतं. पुढच्या वर्षी मुंबईत रीतसर एजन्सीत मुलाखत दिली, निवड झाली, आणि निवडीसाठी कुणी काही मागितलं नाही.

कागदपत्रांचा क्रम थोडक्यात सांगतो. पासपोर्ट, मग इंडोस, म्हणजे खलाशी म्हणून नोंदणीचा क्रमांक, मग एसटीसीडब्ल्यू या खलाशी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातले मूलभूत कोर्स: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाजाची सुरक्षा. ते डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या संस्थेतच करा. मग सीडीसी, आणि जहाज अमेरिकेच्या बंदरांत जाणार असेल तर सी-वन-डी हा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा अमेरिकी व्हिसा. पाण्याच्या कोर्सला आपली पोरं घाबरतात. लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायची, उलटा पडलेला तराफा सुलटा करायचा, असं असतं ते. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो होतो, तेवढं पुरलं. तुमच्या गावात विहीर भरलेली असेल तर कोर्सच्या आधीच महिनाभर रोज उतरा.

आता कामाचं.

मी स्टेटरूम अटेंडंट, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या सांभाळणारा. 2018 साली पहिल्या कॉन्ट्रॅक्टला माझ्याकडं 16 खोल्या होत्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं, त्यात आठवड्याची सुट्टी नसते. सगळ्यात कठीण तो दिवस, ज्या दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात. सकाळी नऊच्या सुमाराला खोल्या रिकाम्या होतात आणि दुपारी एकपर्यंत सगळ्या तयार पाहिजेत. चादरी, टॉवेल, बाथरूम, कपाटातल्या लाइफजॅकेटची मोजणी, सगळं. त्या चार तासांत पाणी प्यायचं विसरू नका. माझ्या सोबतची दोन पोरं पहिल्याच महिन्यात चक्कर येऊन पडली होती.

पण हात चालवणं सहा आठवड्यांत जमतं. जमायला वेळ लागतो तो प्रवासी ओळखायला.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. एका खोलीत गेलो तर आत कुणी नाही आणि बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर धो धो चालू. दाराला सूट टांगलेला. मी लातूर जिल्ह्यातला माणूस. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. तेव्हा मावशीकडं लातुरात राहून मी टँकरसमोर रांगेत घागरी लावल्या होत्या. रिकाम्या खोलीत वाहणारं पाणी मला बघवलं नाही. बंद केलं. अर्ध्या तासात तक्रार आली. त्या गृहस्थाला वाफेवर सूटच्या सुरकुत्या काढायच्या होत्या, संध्याकाळी जेवणाला घालायचा होता, लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा.

माझी सुपरवायझर फिलिपिन्सची होती, अठरा वर्षं बोटीवर काढलेली. ती रागावली नाही. मला खाली घेऊन गेली आणि एका इंजिनवाल्याकडून समजावून दिलं, की इथलं बरंचसं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून बनतं, काही इंजिनाच्या उष्णतेनं वाफ करून, काही पडद्यातून दाबानं गाळून. मग म्हणाली, पाणी वाचवायचं तर तुझ्या बादलीतलं वाचव. त्या माणसाला सूट नीट पाहिजे होता, तर इस्त्रीला नेऊ का, एवढं विचारायला हवं होतंस. खोली त्याची, आठवडा त्याचा. माणूस जे करतोय, त्याच्या मागं त्याला काय हवंय ते बघायचं. मला या कामातलं जे येतं, ते सगळं त्या एका दुपारपासून सुरू होतं.

मार्च 2020 मध्ये मी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टवर होतो. त्याआधी फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकली होती. तिच्यावर 3,711 माणसं होती आणि 700 हून जास्त जणांना लागण झाली. त्यांत आपल्याकडचे कर्मचारीही होते. घरी टीव्हीवर ते बघून आई रोज रडायची. मार्चच्या मध्यावर सगळ्या मोठ्या कंपन्यांनी फेऱ्या थांबवल्या. आमचे प्रवासी उतरले, आम्ही राहिलो, कारण भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. आम्हाला एकेकट्याला प्रवाशांच्या खोल्यांत ठेवलं. मी ज्या खोल्या दोन वर्षं आवरत होतो, त्यातल्याच एकीत झोपायला लागलो. दारापाशी जेवण यायचं, दिवसातून दोनदा ताप मोजायचे. त्या आठवड्यांत मला प्रवाशाच्या जागेवरून खोली दिसली: उशीशेजारी चार्जरला जागा नाही, दिव्याचं बटण हाताला येत नाही, बाहेरच्या पॅसेजमधला ढकलगाडीचा आवाज किती मोठा येतो. तेव्हापासून सकाळी माझी गाडी पॅसेजमधून आवाज न करता जाते.

घरी यायला जून उजाडला. पुढं सव्वा वर्ष वडिलांबरोबर सोयाबीन केलं. अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन पहिलं मोठं जहाज परत निघालं ते 26 जून 2021 ला. मला सप्टेंबरमध्ये बोलावणं आलं.

परत आलेला प्रवासी वेगळा होता. जहाज अर्ध्याहून जास्त रिकामं, सगळ्यांना लस सक्तीची, तोंडाला मास्क. माझ्या सेक्शनमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ होते. मी खोली केली, की ते आत जाऊन टीव्हीचा रिमोट, फोन, दाराची मूठ स्वतः पुन्हा पुसायचे. पहिल्या दिवशी मला ते लागलं. मी केलेल्या कामावर विश्वास नाही असं वाटलं. मग शॉवरवाली दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी मी रिमोट आणि फोन त्यांच्यासमोर पुसले, कोणतं औषध आहे आणि ते किती मिनिटं ओलं राहू द्यायचं ते सांगितलं, आणि एक स्वच्छ फडकं टेबलावर ठेवून आलो. चौथ्या दिवशी ते फडकं घडी केलेलं तसंच पडलेलं होतं. ते दीड वर्ष घराबाहेर पडले नव्हते, हे त्यांनी पाचव्या दिवशी सांगितलं.

धंदा सावरला, आणि कुणाला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सावरला. सीएलआयए या क्रूझ कंपन्यांच्या संघटनेचे आकडे सांगतो: 2019 मध्ये जगभरात 2 कोटी 97 लाख प्रवासी, 2020 मध्ये 58 लाख, 2023 मध्ये 3 कोटी 17 लाख आणि 2024 मध्ये 3 कोटी 46 लाख. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून निघालेल्या आयकॉन ऑफ द सीजवर 20 डेक आहेत आणि कर्मचारीच 2,350 आहेत. आपल्याकडं मुंबईहून गोवा-लक्षद्वीप फेऱ्या 2021 पासून सुरू झाल्या, आणि 30 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारनं क्रूझ भारत मिशन जाहीर केलं. जागा आहेत. पण हेही ऐकून ठेवा, की बऱ्याच कंपन्यांनी दोन वेळची खोली-सेवा एक वेळची केली आणि माणसामागं खोल्या वाढवल्या. माझ्याकडं आता 24 आहेत. प्रवाशाची भेट दिवसातून एकदाच होते, म्हणून ती नीट व्हावी लागते.

हात धुण्याबद्दल कुणी थट्टा केली तर मनावर घेऊ नका. नोरोव्हायरस म्हणजे जुलाब-उलट्यांचा आजार, आणि तो जहाजावर चटकन पसरतो. त्याला साबण-पाणीच लागतं, सॅनिटायझर पुरत नाही. अमेरिकेत त्यांचं आरोग्य खातं, त्यालाही सीडीसीच म्हणतात, आपल्या पुस्तिकेशी त्याचा संबंध नाही, जहाजाची अचानक तपासणी करतं. 100 पैकी 86 गुण पडले तर पास, 85 ला नापास. क्रूमध्ये तिला यूएसपीएच म्हणतात.

मस्टर ड्रिलला, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठं जमायचं त्याच्या सरावाला, प्रवासी कंटाळतात, आता बरेच जण फोनवर व्हिडिओ बघून मोकळे होतात. तुम्ही कंटाळू नका. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलली आणि 32 माणसं गेली. काही प्रवासी त्याच दिवशी चढलेले होते आणि त्यांची ड्रिल व्हायची होती. जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणी ड्रिल घेण्याचा नियम त्यानंतर आला. त्या वेळी तुमच्या हातात जो प्रवासी दिलेला आहे, त्याला जिना दाखवायची जबाबदारी तुमची आहे.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. मलाही होती. पुरेसं येतं की नाही, ते मुलाखतीत कळतंच. पण सिंगापूरहून निघणाऱ्या एका फेरीत मला मराठीच उपयोगी पडली. एका कुटुंबातल्या आजी नऊवारीतल्या. त्यांनी लुगडं धुतलं होतं आणि ते बाल्कनीच्या कठड्यावर टाकायला निघाल्या होत्या. बाल्कनीत कपडे वाळवता येत नाहीत, वाऱ्यानं उडून समुद्रात जातात किंवा खालच्या डेकवर अडकतात. मी मराठीत थांबा म्हणताच त्या वळल्या. "कुठला रे तू?" म्हटलं, औशाचा. "मग तिकडून इथं कसा आलास?" मी त्यांना शॉवरमध्ये भिंतीतून ओढून पलीकडच्या हुकाला अडकवायची बारीक दोरी दाखवली. नऊवार त्या दोरीला पेलवणार नव्हतं. मग मी तीन हँगर आणले, लुगड्याची चौपदरी घडी केली, पंखा चालू ठेवला. संध्याकाळपर्यंत वाळलं. उतरताना नातवानं कंपनीच्या कार्डावर माझं नाव लिहिलं. असं नाव आलं, की पुढच्या कॉन्ट्रॅक्टला ते बघितलं जातं, हे लक्षात असू द्या.

तासांबद्दल एक. त्याच एमएलसी करारानुसार 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत घेता येते आणि एक तुकडा किमान 6 तासांचा हवा. हजेरीच्या नोंदीत खरे तास लिहा. कुणी कमी लिहायला सांगितलं तर आधी सुपरवायझरला, मग एचआरला बोला. आणि दुपारच्या तुकड्यात झोपा, मोबाइल बघू नका. घरच्यांशी बोलायची एक वेळ ठरवा. माझी आई पहिल्या वेळी म्हणाली होती, "एवढं लांब कशाला जायलास?" आता रात्री साडेनऊला फोन नाही आला तर तीच मेसेज टाकते.

जायच्या दिवशी पासपोर्ट, सीडीसी, कोर्सची मूळ प्रमाणपत्रं, मेडिकल, यलो फीवरच्या लसीचं कार्ड लागत असेल तर ते, आणि कंपनीचं बोलावण्याचं पत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. न घसरणारे काळे बूट इथूनच वापरून मऊ करून न्या. लातूर किंवा नांदेडहून मुंबईची गाडी विमानाच्या आदल्या दिवशीची पकडा, त्याच दिवशीची नको. शेंगदाण्याची चटणी नेणार असाल तर कस्टमच्या फॉर्मवर लिहा. आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं तर जहाजाचं नाव, बंदर आणि कंपनीच्या तिथल्या एजंटाचा फोन पाठ असू द्या. मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.