फ्रेंच भूतकाळात एत्र लावायचं की आव्वार?

पासे कॉम्पोझे (फ्रेंचमधला नेहमीचा भूतकाळ) शिकायला लागलं की सगळे इथेच अडकतात: क्रियापदाआधी मदतीला एत्र (असणं) लावायचं की आव्वार (जवळ असणं). सोपं करायचं तर आधी सगळ्याला आव्वारच लावा, कारण बहुतेक क्रियापदं तेच घेतात, आणि एत्रवाली मोजकीच आहेत ती पाठ करून टाका: आले (जाणं), व्हनीर (येणं), पार्तीर (निघणं), आरिव्हे (पोहोचणं), मॉन्ते (वर चढणं), तोंबे (पडणं), नेत्र (जन्मणं), मुरीर (मरणं) वगैरे. जाणं-येणं म्हणजे एत्र असं काहीजण सांगतात पण त्यावर फार विसंबू नका, कुरीर म्हणजे धावणं, तरी ते आव्वारच घेतं!

आता गंमत बघा, सॉर्तीर दोन्ही घेतं. मी बाहेर गेलो म्हणजे झ स्वी सॉर्ती, पण मी गाडी बाहेर काढली म्हणायचं तर झे सॉर्ती ला व्वात्यूर. पुढे कर्म आलं की आव्वार, मॉन्ते, देसांद्र (उतरणं) यांचंही तसंच. स म्हणजे 'स्वतःला' वाली क्रियापदं (स लव्हे म्हणजे उठणं, स लाव्हे म्हणजे अंग धुणं) मात्र कायम एत्र.

एत्र आलं की बहुतेक वेळा कर्त्याप्रमाणे क्रियापदाचा शेवट बदलतो, बाई असेल तर ई (e) वाढवा, अनेक असतील तर एस (s). आपल्याकडे नाही का, तो गेला, ती गेली, त्या गेल्या, म्हणून आपल्याला हे खरंतर जड जाऊ नये. पण आलेसारख्या बहुतेक क्रियापदांचा उच्चार बदलत नाही, त्यामुळे बोलताना चालून जातं आणि लिहिताना मार्क जातात.