सीडरच्या भिंतीला परत स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारण्याआधी

अमेरिकेत सिएटलकडे घर घेतलं की सीडर या लाकडाच्या फळ्यांची बाहेरची भिंत कधीतरी गळ्यात पडतेच, आमची उत्तरेची बाजू शेवाळाने हिरवी आणि दक्षिणेची उन्हाने राखाडी पडली होती. पहिला मोह प्रेशर वॉशरचा (जोराच्या फवाऱ्याने धुणाऱ्या यंत्राचा) होतो, तो आवरा. सीडर इतकं मऊ की नख दाबलं तरी खूण उमटते, जोराच्या पाण्याने धागे उभे राहतात आणि पाणी फळ्यांच्या मागे शिरतं ते वेगळंच.

आधी खालची झाडं भिजवून झाका, गॉगल-हातमोजे घाला. क्लोरीनवालं ब्लीच नको, ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात कालवून खालून वर लावायचं (वरून लावलं तर ओघळांचे पट्टे पडतात), १०-१५ मिनिटं ओलं ठेवून मऊ ब्रशने धाग्यांच्या दिशेने घासायचं आणि साध्या नळीने वरून खाली धुवायचं. राखाडी थर चहाच्या चोथ्यासारखा गळून येतो, बघायला मजा येते खरं!

मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवालं ब्राइटनर (लाकूड उजळवणारं द्रावण) मारा, खिळ्यांभोवतीचे काळे डाग त्यानेच जातात, परत नीट धुवा.

आता घाई नको. दोन-तीन कोरडे दिवस तरी थांबा, मॉइश्चर मीटर असेल तर लाकडातला ओलावा १५ टक्क्यांखाली यायला हवा. उभे राहिलेले धागे ६०-८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, पण घर १९७८च्या आधीचं आणि जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, आधी त्याची टेस्ट करा. शेवटी पाण्याचे थेंब टाकून बघा, लाकडाने लगेच पिऊन टाकले तर स्टेनचा डबा उघडा.