शिरोळ तालुका: आपलं रान किती फुटाला बुडतं?

पुराचा धोका शिरोळमधल्या सगळ्या गावांना सारखा नसतो, एका गावातल्या सगळ्या रानांनाही नसतो. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं आणि कित्येक दिवस रानात उभं राहतं. पिकाचा घात पाण्याच्या उंचीपेक्षा या मुक्कामानं जास्त होतो. म्हणून पावसाळा लागायच्या आत प्रत्येकानं आपल्या रानाचा आकडा काढून ठेवावा.

कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५ फूट. हे आकडे त्या त्या ठिकाणचे आहेत, तुमच्या बांधाचे नाहीत. मळीचं, म्हणजे नदीकाठचं सखल गाळाचं रान इशाऱ्याच्या आधीच पाण्यात जाऊ शकतं. तेव्हा घरातल्या जाणत्यांना विचारा, २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा भिंतीवर, विजेच्या खांबावर पाहा. बंधाऱ्यावर किती फूट असताना बांधाला पाणी लागतं, गोठ्याची वाट कधी बंद होते, गोठ्यात पाणी कधी शिरतं, हे गट नंबरासमोर वहीत लिहा. नदीकाठच्या गावांनी दोन्ही ठिकाणचे आकडे धरावेत, कारण कृष्णेचा फुगवटा एकट्या राजाराम बंधाऱ्यावरून कळत नाही.

यातला वाटेचा आकडा सगळ्यात मोलाचा. गोठा कोरडा असतो, पण वाट आधीच तुटलेली असते, आणि जनावरं अडकतात ती अशीच. वाट बंद व्हायच्या आकड्याला पाणी पोचायची वाट पाहू नका. त्याच्या बरंच आधी, उजेडात, जनावरं हलवा. मागच्या पुराची खूण म्हणजे शेवटची मर्यादा नव्हे. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, त्याहूनही वर चढलं. जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस आताच टोचून घ्या. वैरणीची गंजी उंचावर रचा. नदीकाठच्या मोटारी आणि स्टार्टर पेटी काढायला माणसं आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी कोणी मोकळं नसतं.

उसाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. उसाची मुळं पाण्यात काही दिवस तग धरतात, पण शेंडा बुडाला की वाढीचा कोंब कुजतो आणि कांडीवर पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब फुटतात. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण म्हणजे पुराच्या तोंडावर कोवळा कोंब ठेवणं. सखल पट्ट्यात ती टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण करा. पुढच्या जुलैपर्यंत ऊस उंच झालेला असतो, मध्यम पुरात शेंडा वर राहतो. महापुरात तोही वाचत नाही, हे धरून सगळं क्षेत्र मळीत गुंतवू नका. सोयाबीन आणि भुईमूग माळाच्या रानात घ्या.

पाणी ओसरल्यावर चर काढून रान लवकर निथळू द्या. शेंडा मेलेला ऊस ठेवून वजन वाढत नाही, तो लवकर तोडणीला जावा म्हणून कारखान्याच्या शेतकी कार्यालयात लगेच नोंद द्या.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, पूर यायची वाट न पाहता, मुदत सुरू होताच करा. मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, आणि सातबाऱ्यावर पीकच नोंदलेलं नसेल तर तिथंच अडतं.