पिकअपच्या हौद्यात घरगुती सायकल रॅक: या चुका टाळा

दोन-चार फळ्या, मूठभर स्क्रू आणि एक मोकळी दुपार एवढ्यात रॅक तयार होतो. उभ्या गाडीत तो भक्कमही वाटतो. दुखणं कळतं ते पहिल्या करकचून मारलेल्या ब्रेकला. सायकल रॅकला कशी अडकवायची यावर सगळे डोकं चालवतात, पण रॅकला गाडीशी कोण धरून ठेवणार, याचा विचार फारच थोडे करतात.

हिशोब साधा आहे. 15 किलोच्या तीन सायकली आणि रॅकचं वजन धरलं तर ओझं 55 किलोच्या पुढे जातं. जोरात ब्रेक मारला की त्यातल्या निम्म्याहून अधिक वजनाइतका जोर पुढे ढकलतो. शिवाय सायकलीचं वजन उंचावर असल्याने रॅक नुसता सरकत नाही, मागून उचललाही जातो. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल तर घसरायला आणखी सोपं. म्हणून रॅक पुढच्या भिंतीला टेकवा, खाली जाड रबरी मॅट घाला आणि हौद्यातल्या चारही कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी (दात्यांच्या कळीने आवळता येणाऱ्या पट्ट्यांनी) बांधा. रबरी बंजी दोऱ्या इथे चालत नाहीत. त्या ताणल्या जातात, आणि नेमक्या झटक्याच्या वेळीच रॅकला हलायला जागा देतात. हौद्याला भोकं पाडून बोल्ट मारायचाच असेल तर आधी गाडीखाली वाकून पाहा. तिथे इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग असतं. कापलेल्या पत्र्याला गंजरोधक रंग लावायलाही विसरू नका.

दुसरी मोठी चूक मापांची. पुढचं चाक काढून चिमटा (चाक धरणारा फोर्क) क्लँपमध्ये पकडायचा, ही पद्धत सगळ्यात सुटसुटीत आहे, कारण आखूड हौद्यातही सायकल मावते आणि फाळका बंद होतो. पण क्लँप घेण्याआधी आपल्या सायकलचा अ‍ॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) कोणता ते बघा. क्विक रिलीजच्या, म्हणजे तरफ उघडली की चाक सुटतं अशा, चिमट्याची रुंदी साधारण 100 मिमी असते. थ्रू-अ‍ॅक्सल मात्र (चिमट्यातून आरपार जाणारा दांडा) 12 किंवा 15 मिमी जाडीचा असतो आणि बऱ्याच माउंटन बाइकमध्ये रुंदी 110 मिमी भरते. एकाचा क्लँप दुसऱ्याला बसत नाही. अमेरिकी आराखडा वापरत असाल तर त्यातलं ‘दोन बाय चार’ लाकूड प्रत्यक्षात 38 बाय 89 मिमी असतं, हेही ध्यानात ठेवा. नाहीतर सगळी मापं चुकतात.

हँडलचं माप तर बहुतेक जण घेतच नाहीत. माउंटन बाइकचं हँडल 740 ते 800 मिमी रुंद असतं. क्लँप 30-30 सेंमीवर मारले की एका सायकलचा ब्रेक लिव्हर शेजारणीच्या केबलमध्ये घुसतो आणि प्रवासभर रंग खरवडतो. एक क्लँप पुढे, एक मागे असे ठेवा, किंवा एक आड एक सायकल उलट्या तोंडाने उभी करा. लाकूड कापण्याआधी सगळ्या सायकली हौद्यात उभ्या करून खडूने खुणा केलेल्या बऱ्या.

जोडकामात स्क्रू फळीच्या कापलेल्या टोकात मारू नका. तिथे लाकडाचे तंतू स्क्रूच्याच दिशेने असल्याने पकड कमी असते, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी स्क्रू हळूहळू बाहेर येतो. आरपार बोल्ट, दोन्हीकडे मोठे वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सहज न सुटणारे) वापरा. पीव्हीसी पाइपचा रॅक हलका असतो, पण उन्हात पाइप कालांतराने ठिसूळ होतो, थंडीत तर पटकन तडकतो. हलक्या सायकलींपुरता तो ठीक आहे; 20-25 किलोच्या इलेक्ट्रिक सायकलीला तो देऊ नका.

आता नेहमीच्या तक्रारी. सायकल डावी-उजवीकडे डुलते? मागचं चाक मोकळं राहिलंय. चिमटा क्लँपमध्ये घट्ट असला तरी मागचं चाक खड्ड्यात उसळतं आणि पीळ थेट चिमट्याच्या टोकांवर येतो, म्हणून तेही पट्ट्याने खाली बांधा. पट्टा सारखा सैल होतोय? हँडलवरून बांधला असेल आणि चिमट्यात सस्पेन्शन असेल, तर ते दबतं-उठतं आणि ताण जातो. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत थांबून सगळे पट्टे एकदा ओढून पाहा. कार्बन फ्रेमवर रॅचेट कधीच आवळू नका, नळी चिरडते.

चाक काढल्यावर हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि मग चाक आत जात नाही. पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा अडकवून ठेवा. आणि ते काढलेलं चाकही बांधा. हौद्यात मोकळं पडलेलं चाक उडून मागच्या गाडीवर जाऊ शकतं.