बॅकअपची हार्ड डिस्क भरली? जागा करताना या चुका टाळा

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांच्या मिरवणुका, पाठोपाठ लगीनसराई. मे उजाडेपर्यंत सोलापुरातल्या कितीतरी फोटो स्टुडिओंत एक्स्टर्नल हार्ड डिस्कची निळी पट्टी लाल झालेली असते. चादर-टॉवेलच्या कारखान्यांची ऑफिसं आणि कर सल्लागार यांच्याकडे हीच वेळ मार्चनंतर येते. मग पुढचं काम अडलेलं असतं म्हणून घाईघाईत काहीतरी उडवलं जातं. डिस्क बिघडून डेटा गेलेले लोक मी पाहिलेत, पण जागा करताना स्वतःच्या हाताने घालवलेले त्याहून जास्त पाहिलेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

‘बॅकअपच आहे, उडवून टाक’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली लॅपटॉपवर शाबूत असेल, तरच डिस्कवरची दुसरी. प्रत्यक्षात काय होतं? लॅपटॉपची 512 जीबीची एसएसडी भरते, म्हणून गेल्या सीझनची लग्नं कट-पेस्ट करून डिस्कवर जातात. त्या क्षणापासून त्या लग्नांचा बॅकअप उरलेला नसतो. डिस्कवर आहे ती एकुलती एक प्रत. फोल्डरचं नाव मात्र ‘बॅकअप’च राहतं आणि वर्षभराने स्टुडिओतला नवा मुलगा ते नाव वाचून डिलीट दाबतो. त्यात त्याचा काय दोष?

म्हणून माउसला हात लावण्याआधी कागद घ्या. डिस्क उघडल्यावर समोर दिसणाऱ्या प्रत्येक फोल्डरचं नाव लिहा आणि पुढे लिहा की याची दुसरी प्रत कुठे आहे. ‘असेल कुठेतरी’ हे उत्तर धरायचं नाही. दुसरी प्रत स्वतः उघडून बघितली असेल तरच टिक करा. टिक नाही त्या फोल्डरला आज हात लावायचा नाही.

हिशोबाच्या डेटाला तर मुळीच नाही. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशोब जपावा लागतो. कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे 8 आर्थिक वर्षं. शिवाय फोटो-व्हिडिओच्या मानाने टॅलीचा जुना डेटा एवढासा असतो की तो उडवून जागा काही होत नाही, नोटीस आल्यावर धावपळ मात्र होते.

न मोजता अंदाजाने उडवणं

एकेक फोल्डर उघडून, चार फोटो पुसून जागा होत नाही. आधी मोजा. विंडोजवर विनडरस्टॅट, मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह ही फुकट सॉफ्टवेअर्स कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली हे चित्रासारखं समोर मांडतात. (1 टीबीची डिस्क विंडोजवर 931 जीबी दिसते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. दुकानदाराने फसवलेलं नाही.)

लग्नाच्या एका ऑर्डरचं गणित बघा. 24 मेगापिक्सल कॅमेऱ्याची रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण 25 ते 30 एमबीची धरली, तर 3000 फोटोंचे 75 ते 90 जीबी होतात. 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट) घेतलेला फोरके व्हिडिओ तासाला 45 जीबी खातो. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की 540 जीबी. म्हणजे फोटोंमधून डोळे मिटलेले निवडून उडवत बसण्यात रात्र जाते आणि जागा जिथल्या तिथे.

आता बेधडक काढता येईल असं काय आहे ते बघू. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं काम संपून व्हिडिओ गिऱ्हाइकाकडे गेला असेल, तर त्या प्रोजेक्टच्या व्हिडिओ प्रिव्ह्यूजचं फोल्डर आणि मीडिया कॅशे (तात्पुरत्या फाइल्स) काढा. प्रोजेक्ट पुन्हा उघडलाच तर ते परत तयार होतात. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगशेजारी (फोटोंची आणि एडिटिंगची नोंद ठेवणारी फाइल) नावात ‘प्रिव्ह्यूज’ असलेलं मोठं फोल्डर असतं, त्याचंही तसंच. फक्त मूळ फोटो जागेवर हवेत. आणि तिथेच ‘बॅकअप्स’ नावाचं फोल्डर बघा. लाइटरूम कॅटलॉगचे बॅकअप घेत राहतं, जुने स्वतः कधीच काढत नाही. त्यात दोन-तीन वर्षांचे साठलेले सापडतात. अलीकडचे काही ठेवून बाकीचे काढायला हरकत नाही. मुख्य कॅटलॉग फाइलला मात्र हात लावू नका. तुमचं सगळं एडिटिंग तिच्यात आहे.

डिलीट केलं तरी जागा वाढत नाही

इथे लोक घाबरतात आणि अजून उडवत सुटतात. थांबा. मॅकवरून एक्स्टर्नल डिस्कवरची फाइल काढली की ती त्याच डिस्कवरच्या लपलेल्या ट्रॅशमध्ये पडून राहते. डिस्क जोडलेली असतानाच ट्रॅश रिकामा करावा लागतो. विंडोजचं रिसायकल बिनही तसंच, आणि ते प्रत्येक युजरचं वेगळं. स्टुडिओच्या पीसीवरून उडवलेलं तुमच्या लॅपटॉपवरून बिन रिकामं केल्यावरही डिस्कवर राहू शकतं. ज्या मशीनवरून उडवलं, त्याच मशीनला डिस्क लावून बिन रिकामं करा.

डिस्क भरलेली, पण आत काहीच नाही किंवा नुसते शॉर्टकट दिसतात? झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत फिरून आलेल्या डिस्कला हे हमखास होतं. शॉर्टकट व्हायरस खरे फोल्डर लपवून ठेवतो. फॉरमॅट मारू नका, त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका. अँटिव्हायरसने स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि संरक्षित सिस्टिम फाइल्स लपवण्याची खूण काढा. डेटा बहुतेक वेळा तिथेच असतो.

विंडोजची फाइल हिस्टरी (आपोआप बॅकअप घेणारी सोय) चालू असेल तर तिची सेटिंग बघा. ती मुळात दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत घेते आणि जुन्या प्रती ‘कायम’ ठेवते. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे ‘क्लीन अप व्हर्जन्स’. एक वर्षापेक्षा जुन्या आवृत्त्या तिथून काढा. फाइल हिस्टरीचं फोल्डर उघडून हाताने उपटू नका.

मॅकच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीबाबत तर काहीच करू नका, असं मी सांगतो. डिस्क भरली की ते सगळ्यात जुना बॅकअप आपणहून काढतं. त्यातले फोल्डर हाताने डिलीट केले तर बॅकअपची साखळी बिघडू शकते. फारच ओढाताण होत असेल तर टाइम मशीनच्या ऑप्शन्समध्ये जाऊन डाउनलोड्ससारखे फोल्डर वगळा. मॅकच्या साठवणुकीच्या किमान दुप्पट क्षमतेची डिस्क घ्या असं अ‍ॅपल सांगतं, ते खरंच आहे.

नाव एक, फोटो वेगळे

डुप्लिकेट काढणं चांगलंच, पण नावावरून काढू नका. कॅमेऱ्याचा आकडा 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या लग्नातला आणि होटगी रोडच्या बारशातला फोटो एकाच नावाचे असू शकतात. दोन फोल्डर एकत्र करताना विंडोज ‘रिप्लेस’ विचारतं, घाईत होकार जातो आणि बारसं लग्नावर चढतं. तिथे रिसायकल बिनही वाचवत नाही. प्रत्येक कार्यक्रमाचं फोल्डर तारखेसह वेगळं ठेवा. डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर वापरायचं तर फाइलचा आतला मजकूर ताडून बघणारं घ्या.

दोन ठिकाणचा डेटा सारखा ठेवणाऱ्या सिंक सॉफ्टवेअरमधला ‘मिरर’ पर्यायही समजून घेतल्याशिवाय निवडू नका. लॅपटॉपवरून जे काढाल, ते तो डिस्कवरूनही काढतो.

दुसऱ्या डिस्कवर डेटा हलवताना कट-पेस्ट नको. मध्येच लाइट गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं आणि काय कुठे आहे ते कळत नाही. कॉपी करा, दोन्हीकडची फाइल्सची संख्या आणि साइज ताडा, मधल्या काही फाइल्स उघडा, मग जुनं काढा. टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा पडताळणीची सोय आहे. फोटो झिप करून जागा वाचवायला जाऊ नका. जेपेग आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात.

मॅकसाठी फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला लावली की ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. कॅन्सल करा. उलट एनटीएफएसची (विंडोजच्या फॉरमॅटची) डिस्क मॅकवर नुसती वाचता येते, पुसता येत नाही. ती बिघडलेली नाही, विंडोजला लावा.

आणि आपलं ऊन. बऱ्याच पोर्टेबल डिस्क 35 अंशांपर्यंतच्या तापमानात चालण्यासाठी बनवलेल्या असतात. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता 1 टीबी कॉपी करायला लावणं डिस्कसाठी धोक्याचं आहे. हे काम रात्री किंवा पहाटे लावा. डिस्क पलंगावर, गोधडीवर ठेवू नका, फरशीवर किंवा टेबलावर ठेवा.

चुकून नको ते उडालंच, तर त्या क्षणी डिस्क काढून ठेवा. तिच्यावर नवीन काहीही टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर इन्स्टॉल करू नका. एक्स्टर्नल एसएसडी असेल तर परत मिळण्याची आशा बरीच कमी, कारण ट्रिम नावाची सोय चालू असल्यास ती पुसलेली जागा आतून मोकळी करून टाकते.

डिस्क चार-पाच वर्षं जुनी असेल तर साफसफाईला बसण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत बघा. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर काहीही डिलीट करू नका. टकटक असेल तर ती लगेच बंद करून जाणकाराकडे द्या. नुसतं ‘कॉशन’ असेल तर नवी डिस्क आणा आणि ज्या फोल्डरांपुढे टिक नाही, ते सगळ्यात आधी कॉपी करा.